चुलीपाशी : बरगड्यांना धुरी देताना



ज्यांच्या गोठ्याशेजारी वराहपालनाचा छोटा धंदा आहे, किंवा ज्यांच्या घरी सणासुदीला डुकराचे मांस शिजते, अशा कुटुंबांसाठी आजचा मजकूर आहे. ज्यांच्या घरी हे मांस वर्ज्य आहे, त्यांनी कृती सोडून द्यावी. पण शेवटचा भाग मात्र जरूर वाचावा. तो प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

डुकराच्या बरगड्या आपल्याकडे बहुधा तिखट रश्श्यात जातात. मसाला चांगला असतो, पण बरगडीची स्वतःची चव त्यात हरवते. त्याच बरगड्या नुसते मीठ-मिरे लावून धुरावर सावकाश शिजवल्या, तर वेगळीच गोडी येते. यात खर्च फारसा नाही. वेळ आणि लक्ष मात्र पुरेपूर द्यावे लागते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. धूर चव देतो, शिजवत नाही. शिजवते ती उष्णता. नागालँडमधील घरांत चुलीवर टांगलेल्या फळीवर मांस दिवसेंदिवस धुरवून वाळवतात, पण खाण्यापूर्वी ते पुन्हा चांगले शिजवून घेतात. आपण येथे करणार आहोत ती दुसरी रीत : धूर आणि आच एकाच वेळी देऊन त्याच दिवशी शिजवायचे आणि खायचे. या दोन रीतींची गल्लत झाली, की अर्धेकच्चे मांस पानात येते.

साहित्य : बरगड्यांची सुमारे दीड किलोची एक अखंड फळी, चहाचे चार सपाट चमचे मीठ, दोन चमचे जाडसर कुटलेले मिरे. एवढेच. हवी तर चार पाकळ्या लसूण वाटून लावावी.

लाकूड : आंबा, पेरू, चिंच, बोर किंवा बाभूळ यांचे वाळलेले लाकूड चालते. ओले लाकूड धुमसते आणि मांस कडू करते. कडुनिंब आणि निलगिरी नको. कण्हेरीची एक काडीही आगीत जाऊ देऊ नये. ते झाड विषारी आहे. कोकणातल्या वाचकांनी काजूची टरफले वापरू नयेत, त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लॅस्टिक आणि रॉकेल यांना येथे मुळीच जागा नाही.

धुरीची पेटी : अंगणात, गंजीपासून आणि गोठ्यापासून दूर, वाऱ्याची दिशा बघून कोरड्या विटांची पेटी रचावी. सिमेंट लागत नाही. लांबी तीन फूट, रुंदी दीड फूट, उंची पाच-सहा थर. एका टोकाला तळाशी एक वीट काढून हवेला वाट द्यावी. समोरच्या टोकाला वरच्या बाजूस धुराला वाट ठेवावी. चौथ्या थरावर लोखंडी जाळी बसवावी आणि वर साधा लोखंडी पत्रा झाकावा. जाळी किंवा पत्रा जस्त चढवलेला नको. औषध फवारणीच्या डब्याचा पत्रा तर कितीही धुतला तरी वापरू नये.

घरात, बंद स्वयंपाकघरात ही धुरी करू नये. घरातल्या बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने चुलीचा धूर आधीच पुष्कळ सोसलेला असतो.

कृती : बरगड्यांच्या आतल्या, हाडाकडच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. सुरीच्या टोकाने त्याची एक कड सुटी करावी, कोरड्या फडक्याने धरावी आणि ओढून काढावी. तो राहिला तर मीठही मुरत नाही आणि दातालाही चामडे लागते. मग दोन्ही बाजूंना मीठ-मिरे चोळून तासभर झाकून थंड जागी ठेवावे.

तोवर बाजूला आगटी पेटवून लाकडाचे निखारे करावेत. निखारे पेटीच्या हवेच्या टोकाला ठेवावेत आणि बरगड्या दुसऱ्या टोकाला, हाडाची बाजू खाली करून मांडाव्यात. मांस थेट निखाऱ्यांवर नको. चरबी आगीत ठिबकली की भडका उडतो, काजळी धरते आणि वरून करपून आत कच्चे राहते. बरगड्यांच्या खाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. चरबी त्यात पडते आणि आच एकसारखी राहते.

पेटीतील उष्णता ११० ते १२० अंश सेल्सिअस असावी. तापमापक नसेल तर जाळीच्या उंचीवर तळहात धरून पाहावा. सावकाश आठ-दहा मोजेपर्यंत हात टिकला तर आच बेताची. तीन-चारलाच हात मागे घ्यावा लागला तर आच जास्त. हात खुशाल राहिला तर आच फार कमी. तेव्हा ताबडतोब निखारे घालावेत, कारण कोमट जागी तासन् तास पडलेले मांस नासते. दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे निखारे आणि एक-दोन ढलप्या घालत राहावे. धूर पातळ, निळसर हवा. दाट काळा धूर निघू लागला तर हवेची वाट मोकळी करावी.

पाच तास तरी लागतात. फळी जाड असेल तर सहा. घाई करून आच वाढवू नये. बरगड्यांत जो चिवट भाग असतो, तो अशा सावकाश उष्णतेनेच विरघळून मऊ होतो.

झाले हे कसे ओळखावे? रंगावर जाऊ नये. धुरामुळे वरचा थर पूर्ण शिजूनही गुलाबी दिसतो, आणि बाहेरून तांबूस झालेले मांस आत कच्चे असू शकते. हाडांच्या टोकांवरून मांस अर्धा बोट मागे सरकलेले असावे. फळी चिमट्याने मधोमध उचलली की वाकून वरून तडा जावा. दोन हाडांच्या मध्ये चिरून पाहावे; रस स्वच्छ निघावा आणि मांस हाडापासून सहज सुटावे. मांसात खुपसायचा तापमापक असेल तर ९० अंशांच्या पुढे बरगडी मऊ लागते. पाऊस आला, आग मंदावली, शंका वाटली, तर संकोच न करता तुकडे करून पातेल्यात थोड्या पाण्यात झाकण घालून मऊ होईतो उकळावे. चव थोडी कमी होईल, पण जीव निर्धास्त राहील.

या धुरीने मांस टिकाऊ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याच दिवशी संपवावे. फ्रिज असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून पुन्हा चांगले गरम करावे.

आता सर्वांसाठी शेवटचा भाग. मोकाट डुक्कर उघड्यावरची विष्ठा खाते आणि त्यातून पट्टकृमीची अंडी त्याच्या पोटात जातात. मग त्याच्या मांसात साबुदाण्याएवढे पांढरट फोड धरतात. असे मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात; न धुतलेल्या हातांनी, कच्च्या भाजीने, दूषित पाण्याने ती दुसऱ्याच्या पोटात जातात. ही अळी मेंदूत जाऊन बसली की फिट येऊ लागतात. म्हणून जन्मभर मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की माणसे व मोकाट डुकरे जवळजवळ राहतात अशा अनेक बाधित भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते. फिट आलेल्याला कांदा हुंगवून किंवा बाहेरची बाधा म्हणून घरी ठेवू नका, दवाखान्यात न्या. यावर औषधोपचार आहेत.

म्हणून डुकरे कोंडवाड्यात ठेवावीत, शौचालय वापरावे, हात साबणाने धुवावेत, पालेभाज्या भरपूर पाण्यात धुवाव्यात. खरेदी करताना पांढरे दाणे दिसले तर ते मांस घेऊ नये. कच्चे मांस कापलेली सुरी व पाट धुतल्याशिवाय भाकरी-भाजीजवळ नेऊ नये.

वराहपालकांनी आणखी एक पथ्य पाळावे. उरलेली हाडे, तुकडे आणि मांस धुतलेले पाणी आपल्या डुकरांपुढे टाकू नये, खोल पुरावे. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही, पण कळपच्या कळप मारतो, आणि त्याचा विषाणू खारवलेल्या, धुरवलेल्या मांसातही टिकून राहू शकतो.

पाच तास पेटीपाशी बसणे हे एकट्या बाईचे काम नव्हे. निखारे घालायला घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनीही पाळीपाळीने बसावे. गरम भाकरी, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड एवढे सोबत असले की पुरे.