मोजून झाल्यावर

बसलेल्या गाईला उठवून पाहावं. निरोगी गाय आधी मागचा भाग उचलते, मग पुढचे पाय टेकते आणि उभी राहिली की अंग ताणून आळस देते. जी पाठ कमानीसारखी धरून तशीच उभी राहते, तिच्याकडे दुपारी पुन्हा जावं. जुन्या गुराख्याला हे सांगावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ते आता लोकांना शिकवलं जातं. झुडपं माजून रानफुलं गुदमरू नयेत म्हणून तिथे कुरणांत गुरं मोकळी सोडतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला आसपासचे रहिवासी विनामोबदला जातात. त्यांना ‘लूकर’ म्हणतात. रॉमनी मार्शच्या दलदलीत मेंढ्या राखणाऱ्यांचा हा जुना शब्द. आधी मोजणी. मग कळपापासून लांब कोण उभी आहे, कोण लंगडते, कुणाच्या डोळ्याला पाणी आहे, शेण पातळ पडलंय का, पाण्याच्या टाकीत पाणी आहे का. एपिंगच्या जंगलात लांब शिंगांच्या गाईंच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे आहेत. गाय कुठे आहे ते पट्टा सांगतो. डोळ्याला माश्या लागल्यात हे त्याला कळत नाही.

माणसाने नुसतं पाहून काही करायचं नाही असं ठरवलं की काय होतं, ते नेदरलँड्सच्या ऊस्टफार्डर्सप्लासेनमध्ये दिसलं. समुद्र हटवून मिळवलेल्या या जमिनीवर १९८३ मध्ये हेक जातीची गुरं सोडली, पुढच्या वर्षी कोनिक घोडे, नंतर सांबराच्या कुळातली लाल हरणं. ती रानटीच मानायची, चारा घालायचा नाही, असं धोरण. पण भोवती कुंपण होतं. खरं रानटी जनावर हिवाळ्यात चाऱ्यामागे दुसरीकडे जातं. यांना जायला वाट नव्हती. वेलुवेच्या जंगलाला जोडणारा पट्टा कागदावरच राहिला. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक जनावरं मेली. बहुतेकांना वनरक्षकांनीच गोळ्या घातल्या, कारण ती वसंतापर्यंत टिकणार नव्हती. लोकांनी कुंपणावरून गवताचे भारे आत फेकले. त्याच वर्षी एका समितीने मोठ्या जनावरांची संख्या १,१०० च्या आसपास ठेवायला सांगितलं. संख्येला लगाम हवाच होता, पण त्यासाठी इतक्या बरगड्या दिसायची वाट पाहायला नको होती. ज्याने कुंपण घातलं, त्या जनावराच्या पोटाची जबाबदारी त्याचीच, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडचा २००७ चा नियम सांगतो, की माणसाच्या देखरेखीवर अवलंबून असलेली गुरं रोज एकदा तरी पाहावीत. बाकीची, त्यांचे हाल होऊ नयेत इतक्या अंतराने. या ‘बाकीच्यां’मध्ये राखीव कुरणातली गाय ढकलणं मला मान्य नाही. तिलाही रोज कुणी तरी पाहिलंच पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये चराई बंद केली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासात दिसलं, की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं आणि पक्ष्यांना लागणारं मोकळं पाणी घटत गेलं. कासच्या पठारावर गुरं थांबली आणि फुलं रोडावली, असं तिथले गावकरी सांगत आले आहेत. उद्या अशा ठिकाणी गुरं परत आणायची ठरली, तर आराखड्याच्या पहिल्याच ओळीत गुराख्याचा पगार लिहा. जुलैत कासवर धुकं उतरलं की दहा पावलांवरची गाय दिसत नाही. तेव्हा गळ्यातल्या घंटेवरून गाय ओळखणारा माणूस लागेल, आणि एखादी घंटा वाजत नसेल तर त्या पावसात तिला शोधायला जाणाराही.