संगणकाच्या किल्ल्या आपल्या हाती



परभणी जिल्ह्यातील पेडगावहून एका उपासिकेने आम्हाला प्रश्न विचारला आहे. महिला बचत गटाचा हिशेब ती घरच्या जुन्या संगणकावर ठेवते. त्यासाठी ती 'लिब्रे ऑफिस' या मोफत सॉफ्टवेअरमधील 'कॅल्क' वापरते. माऊस बिघडला आहे आणि पौर्णिमेची बैठक तोंडावर आली आहे. नुसत्या कीबोर्डवर काम भागेल का, आणि त्याचे शॉर्टकट सापडतात कुठे? प्रश्न एकीचा असला तरी गरज अनेकांची आहे, म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

आधी या सॉफ्टवेअरविषयी. 2000 साली 'ओपन ऑफिस'चा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला झाला आणि त्यातूनच 2010 साली 'लिब्रे ऑफिस' निघाले. जर्मनीतील 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था ते सांभाळते. ते विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते. त्याची प्रत शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नाही, उलट तशी परवानगीच आहे. दुसऱ्याचे महागडे सॉफ्टवेअर चोरून वापरण्यापेक्षा हक्काचे मोफत वापरावे, यात स्वाभिमानही आहे. त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात.

आता शॉर्टकट. व्यवहारात 'शॉर्टकट' म्हणजे आडमार्ग, आणि आडमार्गाने जाणाऱ्याला आपण नावे ठेवतो. येथे मात्र तो कामाचा सरळ रस्ता आहे. तो शोधण्याची ठिकाणे संगणकातच आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे मेनू. एफ-10 दाबले की वरची पट्टी जागी होते, मग बाणांच्या कळांनी फिरावे. ज्या कामाला कळ नेमलेली आहे, त्याच्या नावासमोर उजव्या बाजूला ती छापलेली असते. रोज मेनू उघडणाऱ्यांपैकी किती जण त्या उजव्या बाजूकडे पाहतात?

दुसरे, 'टूल्स' मेनूतील 'कस्टमाइझ'. त्यात 'कीबोर्ड' नावाचे पान आहे. कोणती कळ कोणते काम करते याची संपूर्ण यादी तेथे मिळते. ज्या कामाला कळ नाही, त्याला आपल्या सोयीची कळ देताही येते.

तिसरे, शिफ्ट दाबून एस्केप. 2021 पासूनच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. एक लहान चौकट उघडते, तीत कामाचे नाव लिहिले की ते मेनूत कोठे आहे हे दिसते आणि एंटर दाबताच काम होते. चौथे, एफ-1, म्हणजे मदत. मदतीचा भाग संगणकात उतरवून घेतलेला नसेल तर त्याला इंटरनेट लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

यादी लांबलचक आहे, ती पाठ करीत बसू नये. बचत गटापुरत्या थोड्या कळा पुरतात. समजा गटात 12 भगिनी आहेत आणि प्रत्येकीचे महिन्याला 100 रुपये आहेत. तारखेच्या रकान्यात कंट्रोल दाबून अर्धविरामाची कळ दाबली की आजची तारीख उमटते. पहिल्या घरात 100 लिहावे, पुन्हा त्या घरावर येऊन शिफ्ट आणि खालचा बाण धरून बारा घरे निवडावीत आणि कंट्रोल-डी दाबावे. सगळीकडे 100 उतरतात. एखादीने 50 च दिले असतील तर त्या घरावर जाऊन एफ-2 दाबावे आणि आकडा दुरुस्त करावा. कंट्रोल-होम तक्त्याच्या पहिल्या घरात नेते, तर कंट्रोल आणि खालचा बाण रकान्यातील शेवटच्या नोंदीपाशी नेतो. नाव शोधायला कंट्रोल-एफ. चुकले तर कंट्रोल-झेड. आणि दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस, कारण वीज कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नसतो.

मराठी कीबोर्ड चालू असताना काही कळा वेगळ्या वागू शकतात. तसे झाले तर तेवढ्यापुरते इंग्रजीवर यावे. काही लॅपटॉपवर एफ-2 सारख्या कळांसाठी 'एफएन' ही कळही सोबत दाबावी लागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कळांचे एवढे कौतुक कशाला? आपल्या आज्या-आजोबांनी सावकाराच्या वहीत अंगठे उठवले. वहीत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि वही दुसऱ्याच्या हातात होती. कर्ज फिटले की वाढले, हे सावकार सांगेल तेच खरे. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. साऱ्या देशाच्या चलनाचा हिशेब मांडणाऱ्या त्या विद्वानाच्या लेकरांनी आपल्या गटाच्या 1200 रुपयांचा हिशेब दुसऱ्याच्या हाती का द्यावा?

विहाराचा निधी असो, जयंतीची वर्गणी असो की बचत गट, आपल्याकडे चांगली कामे मोडतात ती बहुधा हिशेबाच्या संशयावरून. पैसा खाल्लेला नसतो, पण दाखवायला कागद नसतो. मग दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि पुढच्या वर्षी मंडळे दोन होतात. म्हणून संगणकावर बेरीज झाली की तक्ता छापून घ्यावा, बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यावर सह्या घ्याव्यात. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून तो दुसऱ्या घरी द्यावा. संगणक बेरीज चुकत नाही, परंतु घातलेला आकडाच खोटा असेल तर बेरीजही खोटीच येते. प्रामाणिकपणाला शॉर्टकट नाही.

आमची तरुण-तरुणींना विनंती आहे. रोज एक कळ शिका आणि कागदावर लिहून संगणकाशेजारी भिंतीवर लावा. महिन्याभरात तीस होतील. नोकरीच्या ठिकाणीही या कळा उपयोगी पडतात, कारण माऊसकडे जाणारा हात वाचला की काम लवकर उरकते. आणि शिकलेली कळ घरातल्या आईला, मावशीला, वहिनीला शिकवा. त्यांनी चुलीपासून मजुरीपर्यंत सगळे हिशेब आजवर तोंडी ठेवले आहेत. आकडे त्यांना पक्के येतात, फक्त कळा दाखवायच्या आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!