बर्फ नाही, तरी हॉकी!

डहाणू म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात काय येतं? चिकू. बोर्डीचा बीच. फार तर वारली पेंटिंगवाला तो मग, ज्यात आपण ऑफिसच्या टेबलावर पेनं खोचून ठेवतो. आइस हॉकी काही येत नाही. येण्याचं कारणही नाही म्हणा! डहाणूत बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी. एक गोळेवाल्याच्या गाडीवर आणि दुसरा बंदरावर, मासळीच्या पेट्यांमध्ये.

पण हे माझ्या भाच्याला कोण सांगणार? वय वर्षं तेरा, मुक्काम डहाणू. २०२५च्या जूनमध्ये यूएईतल्या अल ऐन इथे महिलांच्या आशिया कपमध्ये भारतीय मुलींनी आइस हॉकीत चक्क ब्राँझ मिळवलं. त्याची क्लिप साहेबांनी मोबाइलवर पाहिली आणि रात्री साडेदहाला मला फोन. ‘मावशी, मुंबईत सगळं मिळतं ना? मग मला आइस हॉकीचा कोच बघून दे.’

मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? त्याने स्केट्स मागितले नाहीत, हेल्मेट नाही, टी-शर्ट नाही. थेट कोच मागितला. आपलं कसं असतं? जिम लावायची ठरली की आधी शूज, मग ट्रॅकपँट, मग मनगटावर पावलं मोजणारा बँड. शिकवणाऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही बजेट उरलं तर. तेरा वर्षांच्या पोराचे फंडे आपल्यापेक्षा क्लिअर होते.

फोन ताईने घेतला. ताई तलासरीजवळच्या एका शाळेत शिकवते, रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन. ती म्हणाली, ‘हे बघ, त्याला उगाच आशा लावू नकोस. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी पोरगी अशी पळते की बघत राहावं. आश्रमशाळांच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं आणते. मग दहावी होते आणि ती उंबरगाव नाहीतर वापीच्या कंपनीत पॅकिंगला लागते. पळणं संपलं. पायात दम असून भागत नाही गं, पुढचं शिकवणारं कोणी लागतं.’

आता बोला! एकाच फोनवर दोन माणसं आणि दोघांचं म्हणणं खरं तर एकच. कोच पाहिजे.

मग मी माहिती काढायला लागले. आमच्या उपनगरात रोलर हॉकी शिकवणारे एक सर आहेत. त्यांना भाच्याची एक क्लिप दाखवली. ओहोटीच्या वेळी डहाणूच्या किनाऱ्यावर, घट्ट वाळूत मुलांबरोबर धावतानाची. मला वाटलं, सर म्हणतील आधी स्केट्स घ्या. ते म्हणाले, ‘हा कबड्डी खेळतो का?’

खेळतो की! तिथे कोण खेळत नाही?

‘मग कॅनडापासून सुरू करू नका, कबड्डीपासून करा,’ सर म्हणाले. ‘चढाईला जाणारा पोरगा कसा उभा असतो? गुडघे वाकलेले, कंबर खाली, छाती पुढे, डोळे समोर. पाठ कधीच दाखवत नाही. आइस हॉकीचा पहिला धडा हाच आहे. शहरातल्या मुलांना गुडघे वाकवायला शिकवण्यातच माझे सहा महिने जातात.’

मग त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण टीव्हीवर हा खेळ बघताना आपल्याला नुसती मारामारीच दिसते. रिंक साधारण ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद. एका वेळी एका संघाचे गोलकीपर धरून सहा जण मैदानात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती, वजन साधारण १६० ग्रॅम. आणि गंमत म्हणजे कोणीही सलग खेळत नाही. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, दुसरी फळी आत. असं मॅचभर.

कौशल्यं मोजून चार. पहिलं म्हणजे पात्यांच्या कडा. स्केटच्या पात्याला खालून बारीक खाच असते, त्यामुळे एका पात्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. वळणं, थांबणं, वेग घेणं, सगळं या कडांवर. धावताना आपण जमीन मागे रेटतो, इथे पाय बाजूला रेटायचा. मग बर्फाशिवाय काय करता येईल? एका पायावरून दुसऱ्या पायावर आडवी उडी मारायची आणि उतरल्यावर दोन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. करून बघा घरी. मी केली. शेजारच्या आजींनी बेल वाजवली.

दुसरं, हात आणि डोळे. स्टिकने चेंडू डावी-उजवीकडे खेळवत राहायचा, पण खाली बघायचं नाही. समोरचा माणूस बोटं दाखवणार, किती ते ओरडून सांगायचं. टेनिसचा बॉल आणि गुळगुळीत लादी एवढं पुरतं. तिसरं, दम. पंचेचाळीस सेकंद फुल स्पीड, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती. सुरुवातीला चारच फेऱ्या. चौथं सगळ्यात अवघड, निर्णय घेणं. त्यासाठी छोट्या जागेतली मॅच. कबड्डीच्या मैदानाएवढ्या चौकोनात तीन विरुद्ध तीन. जागाच नाही म्हटल्यावर डोकं आपोआप चालतं! बाहेरच्या देशांतले कोचही लहान मुलांना असंच शिकवतात, मोठ्या रिंकचे दोरी लावल्यासारखे तुकडे पाडून.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण बर्फ? बरोबर आहे. पण आपल्या देशात बर्फाचे लाड आहेत तरी कुठे? भारतीय संघाचा कणा लडाखचा. तिथलं नैसर्गिक बर्फ जेमतेम दोनेक महिने टिकतं, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. देहरादूनला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठा इनडोअर रिंक बांधला, तो मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे लडाखच्या त्या मुली वर्षातले दहा महिने बर्फाविनाच तयारी करत होत्या. २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि पार धुतल्या गेल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय. २०१८च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकनहायझर, जिच्याकडे ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं आहेत, ती स्वतः लडाखला जाऊन मुलींना शिकवून आली. आणि २०२५ मध्ये ब्राँझ. पहिल्या मॅचपासून पदकापर्यंत नऊ वर्षं.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विकनहायझर लडाखला गेली. म्हणजे कोच मुलांकडे गेला.

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. पालघरच्या शार्दूल ठाकूरचं उदाहरण घ्या. दिनेश लाड सरांनी त्याचा खेळ पाहिला, बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि रोजचा प्रवास पोराला झेपणार नाही म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंदर सिंग यांच्याकडे घडली आणि २०१० मध्ये दहा हजार मीटरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ, मग ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. दोन्ही गोष्टी सॉलिड आहेत. पण दोन्हींमध्ये पोराला घर सोडावं लागलं. ज्यांना सोडता आलं नाही, त्यांची नावं आपल्याला कशी कळणार? ताईच्या वर्गातली ती पळणारी पोरगी त्यातलीच.

आणि डहाणूकरांना तर हे कोणी शिकवायलाच नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात. कशी येणार, गुरं कोण राखणार? तेव्हा या बायकांनी मुलांवर गैरहजेरीचा शिक्का मारला नाही. शाळाच उचलली आणि कुरणात नेली. कुरणशाळा! जिथे गुरं चरतात तिथे वर्ग, हाताशी असतील ती पानं-दगड-शिंपले हेच साहित्य. आपण ट्रेनिंग सेशनमध्ये ज्याला ‘आउट ऑफ द बॉक्स’ म्हणून टाळ्या वाजवतो, ते या दोघींनी प्रोजेक्टरशिवाय करून दाखवलं.

तर सध्या आमची एक कुरणशाळा चालते. महिन्यातल्या दोन शनिवारी सर आणि मी पहाटेच्या गाडीने डहाणूला जातो आणि तिथून ताईच्या शाळेच्या मैदानावर. भाचा असतोच. शिवाय अकरा मुलं-मुली आहेत, त्यात ती पळणारी पोरगी. बांबूच्या काठ्या, टेनिस बॉल, चुन्याने आखलेला चौकोन. सर दोन आठवड्यांचा गृहपाठ देतात, मधले दिवस ताई करून घेते. माझं काम? मी बोटं दाखवते. मुलं ‘तीन! पाच! एक!’ असं ओरडत चेंडू खेळवतात. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या माना खाली होत्या. आठव्या शनिवारी सात जणांच्या वर आल्या.

भाच्याला सरांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, बरं का. ‘हे बर्फ नाही. घसरणं आणि थांबणं शेवटी बर्फावरच शिकावं लागेल आणि त्यासाठी तुला एक दिवस देहरादून नाहीतर लेह गाठावं लागेल. मी वचन देत नाही. पण त्या दिवशी तुझे गुडघे, हात आणि डोळे तयार असतील, एवढं माझ्याकडे लागलं.’ पोराने मान डोलावली. ताई काही बोलली नाही, पण पुढच्या शनिवारी डबे दोन जास्त आणले.

ती पळणारी पोरगी आइस हॉकी खेळेल की नाही, माहीत नाही. कदाचित चार वर्षांनी ती दुसऱ्याच एखाद्या खेळात असेल. चालेल. दहावीनंतर तिचं पळणं थांबू नये, आमचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

आता पुढची पायरी चाकांवरच्या स्केट्सची. आणि इथे तुमची गरज आहे. तुमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात स्केटिंगचा क्लास असतो ना? पोरांचे पाय वर्षभरात वाढतात, स्केट्स माळ्यावर जातात आणि तिथेच राहतात. या रविवारी जरा माळा उघडा, बॉस. स्केट्स सापडले तर ते गुडघ्याच्या पॅडसकट तुमच्या जवळच्या अशाच एखाद्या शाळेत नेऊन द्या. कुरिअरने पाठवू नका, स्वतः जा. आणि गेलात तर तासभर थांबा. बोटं दाखवायला माणूस कमीच पडतो.