अंगण वाकडं आहे का, मोजून तर बघा!

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ आहे. माझी शाळा कॉन्व्हेंटची, पण तिथेही मराठीच्या बाईंनी ती वहीत दहा वेळा लिहून घेतली होती. अर्थ सरळ आहे. दोष स्वतःचा आणि नाव अंगणाचं! पण इंजिनिअरिंगला आल्यापासून माझ्या मनात एक शंका घर करून बसली आहे. अंगण खरंच वाकडं असेल तर? आणि ते वाकडं आहे की सरळ, हे कुणी लेव्हल लावून बघितलं का?

म्हण म्हणते, दोष नाचणाऱ्याचा. लॅबमध्ये आपण म्हणतो, "सर, मशीनच खराब आहे." म्हणजे दोष अंगणाचा. दोन्ही बाजूंमध्ये एक गोष्ट मात्र कॉमन आहे. मोजलं कुणीच नाही! माझं स्पष्ट मत आहे की बिघाड शोधणं हे इंजिनिअरचं पहिलं काम आहे आणि नेमकं तेच आपल्याकडे शिकवलं जात नाही, त्याला मार्कही नाहीत. हे मत मला कुठल्या जाडजूड रेफरन्स बुकातून सुचलेलं नाही. ते सुचलं एका पंप मारायच्या एअर रायफलवरून.

झालं असं की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. तेव्हा रेल्वेत टी.सी. असलेला मराठी मुलगा! तेव्हापासून लातूरच्या माझ्या मामेभावाला नेमबाजीचा नाद लागला. शेवटी मामांनी एक नवी एअर रायफल मागवली. जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी बघितलेली असते, मग ती माळेगावची जत्रा असो की लातूरची सिद्धेश्वराची. ती नळी मोडून भरायची असते आणि आत स्प्रिंग असते. ही तशी नव्हती. हिच्या नळीखालचा दांडा पाच-सात वेळा मागे-पुढे करून हवा भरावी लागते. सुट्टीत मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी.नं घरी पोचले तेव्हा मामांच्या शेतावर तिचं उद्घाटन चालू होतं. चालू म्हणजे बंदच होतं. दांडा मारला की फुस्स! हवा थांबतच नव्हती.

जमलेल्या मंडळींनी निदान लगेच केलं. एक म्हणाले, माल डुप्लिकेट. दुसरे म्हणाले, खोलून बघू, पाना आणा. तिसऱ्यांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. मामा म्हणाले, "पोरी, तू इंजिनेर होलालीस ना? मग बघ की!" मी खोक्यातलं माहितीपुस्तक मागितलं. ते खोक्यासकट केरात गेलं होतं, तिथून काढलं. त्यात दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं : आधी बोल्ट मागे ओढा, मग पंप मारा. कारणही साधं आहे. हवा ज्या व्हॉल्व्हमागे साठते, त्या व्हॉल्व्हला उघडायचं काम हातोडीसारखा एक तुकडा करतो. बोल्ट मागे ओढलेला नसेल तर काही रायफलींमध्ये तो तुकडा व्हॉल्व्हवर टेकूनच बसतो. दार उघडं ठेवून खोलीत एसी लावावा आणि गार होत नाही म्हणावं, तशातली गत! बोल्ट मागे ओढला, पंप मारला, हवा थांबली. पाना आणायला गेलेला माणूस परत यायच्या आत काम झालं.

आता दांडा जड लागायला हवा होता, पण पहिले दोन हात हलकेच जात होते. इथे कामाला आला तो मामांचा हापसा. मराठवाड्यात हापसा माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. हापशाचं वायसर गेलं की दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. रायफलचा पंप म्हणजे पाण्याऐवजी हवेचा हापसा. वायसर कोरडं असेल तर हवा बाजूनं निसटते. मामांनी दांड्याला हात लावला आणि म्हणाले, "वायसर वाळलंय." पुस्तकात सांगितलेल्या तेलाचे दोन थेंब दिले आणि दांडा घट्ट झाला. खोबरेल मात्र चालत नाही बरं का. भलत्या तेलानं रबराचं सील फुगतं नाही तर चिकटतं. शिवाय दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग का लागत नाही हे आठवा, म्हणजे दाबलेल्या हवेत कुठलंही तेल का घालू नये ते कळेल.

पुढचा गोंधळ पंपांच्या आकड्याचा. पाच पंपांना एवढा वेग, तर दहा पंपांना दुप्पट, असा सगळ्यांचा हिशेब. पण वेग दुप्पट करायला ऊर्जा चौपट लागते, हे तर आपण बारावीत शिकलोय. त्यातून प्रत्येक पंपागणिक दांडा जड होत जातो आणि वाढणारा वेग मात्र कमी कमी होत जातो. लिहिलेल्या मर्यादेपलीकडे पंप मारले तर आतला दाब इतका वाढतो की ती हातोडी व्हॉल्व्ह नीट उघडूच शकत नाही. हवा आतच राहते, छर्रा मात्र ढिम्म! जास्त जोर म्हणजे जास्त काम नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर जागणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा. जाता जाता एक गंमत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे गिरांडोनीची एअर रायफल होती. तिची हवेची टाकी भरायला साधारण दीड हजार पंप मारावे लागत! त्या शिपायांपुढे आपले सात-आठ पंप म्हणजे काहीच नाही.

मग आला नेम. दहा मीटरवर पुठ्ठा लावला आणि त्याच्यामागे मातीचा मोठा ढीग. दगड नाही, पत्रा नाही, कारण छर्रा उलटून येतो. डोळ्याला चष्मा. पहिले पाच छर्रे पुठ्ठाभर विखुरले. लगेच सगळे साइटचा स्क्रू फिरवायला धावले. माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते. एन.सी.सी.च्या मुलामुलींना विचारा, आधी ग्रुपिंग आणि मग झिरोइंग. पाचही छर्रे एका ठिकाणी पण मध्यापासून दूर लागत असतील तर दोष साइटचा. पाच ठिकाणी पाच लागत असतील तर साइटला हात लावू नका, कारण कुठला तरी पाचवाच हात बदलतोय. तो शोधा.

आम्ही वही घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी पंप मोजून पाचच ठेवले. विखुरणं थोडं कमी झालं. मग डबीतले दबलेले, वाकडे छर्रे बाजूला काढले. अजून थोडं कमी. पण एक छर्रा तरी बाहेर जायचाच. मग लक्षात आलं की पंप मारल्यावर मामेभाऊ धापा टाकत लगेच चाप ओढतोय. त्याला सांगितलं, पंप मारून झाले की वीस आकडे मोज, मग नेम धर. त्यानंतरचे पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे बसले. मग साइट दोन खटके डावीकडे सरकवली आणि तो झुबका मध्यावर आला. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला छर्रा जातो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आता सांगा, दोष कुणाचा होता? थोडा पंपांचा, थोडा छर्ऱ्यांचा, थोडा श्वासाचा आणि शेवटी थोडा साइटचाही. अंगण थोडं वाकडं होतं आणि नाचणंही थोडं कच्चं होतं! मोजल्याशिवाय कुठलं किती, हे कळलं नसतं.

हे फक्त शेतावरच्या बंदुकीचं नाही. २००८ मध्ये बीजिंगला फायनलच्या आधी अभिनव बिंद्राचे सरावाचे छर्रे भलतीकडेच जायला लागले होते, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. ज्याचं अख्खं आयुष्य पणाला लागलंय त्यानं अशा वेळी किती घाबरावं! त्यानं साइट पुन्हा जागेवर आणली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून गोल्ड घेतलं. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घ्या. उलट २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन ब्राँझ मिळवली. यंत्र बिघडणारच. प्रश्न असतो तो बिघडल्यावर आपण काय करतो याचा.

आता आपल्या लॅबकडे या. तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नवीन सांगत नाही. गेल्या वर्षीचं जर्नल येतं, त्याच्या आधी त्याच्या गेल्या वर्षीचं असतं. ग्राफवर आधी रेघ मारली जाते आणि मग तिच्यावर ठिपके बसवले जातात. मीटर अडकलेला असला तरी रीडिंग मात्र अगदी बरोबर! का? कारण मार्क बरोबर उत्तराला आहेत, खऱ्या उत्तराला नाहीत. ज्यानं खरं, वेडंवाकडं रीडिंग लिहिलं, त्याला व्हायवात उभं-आडवं विचारलं जातं. ज्यानं उतरवून काढलं तो सही घेऊन मेसला जातो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही आणि नुसता सरांनाही नाही. इथेही एका वेळी एक गोष्ट बदलून बघायला हवी.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक लॅबमध्ये दहा प्रॅक्टिकल असतील तर एक 'बिघाडाचं प्रॅक्टिकल' असावं. लॅब असिस्टंटनी यंत्रात एक खोडी करून ठेवावी. वायर सैल करा, वायसर काढा, गेजचा झिरो हलवा. बॅचनं तीन रकान्यांची वही लिहावी : काय संशय आला, तो कसा तपासला, काय आढळलं. मार्क त्या वहीला. बिघाड सापडला नाही तरी वही खरी असेल तर निम्मे मार्क द्यावेत. काही जण म्हणतील, सिलॅबस पुरा व्हायला वेळ नाही आणि एका यंत्रावर वीस जण आहेत. मान्य. पण वीस जणांनी एकाचं रीडिंग उतरवण्यात जे दोन तास जातात, त्यांतलेच हे दोन तास. खर्च तर शून्य, कारण बिघडलेल्या यंत्रांचा आपल्याकडे तुटवडा नाही!

आणखी एक. आपल्या वर्कशॉपमध्ये दांड्याला हात लावून 'वायसर वाळलंय' असं सांगणारी माणसं आहेत. आपण त्यांच्याकडून फक्त हत्यारं मागतो. कधी तरी विचारून बघा, "काका, तुम्हाला हे कसं कळलं?" त्या उत्तरात जे आहे ते कुठल्याही नोट्समध्ये नाही.

हे वाचून कुणाला एअर रायफलचा मोह झालाच, तर चार शब्द. २० ज्यूलच्या आतल्या आणि ४.५ मि.मी.पर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही, म्हणून ती खेळणं होत नाही. पंप मारलेली रायफल ही भरलेलीच समजायची. होले आणि साळुंक्या हे टार्गेट नव्हे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आणि होस्टेलवर तर आणायचं नावही काढू नका, रेक्टर सरांचा नेम फार पक्का आहे! आवड असेल तर एन.सी.सी. आहे. अंजली भागवतही कीर्ती कॉलेजच्या एन.सी.सी.तूनच रायफलकडे वळल्या आणि २००० साली सिडनीच्या फायनलपर्यंत पोचल्या.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी लॅबमध्ये काटा हलला नाही, तर "मशीन खराब आहे" म्हणू नका आणि "मलाच जमत नाही" असंही म्हणू नका. पेन काढा, एक गोष्ट बदला, काय झालं ते लिहा. अंगण वाकडं निघालं तर सरळ करू. आपल्यालाच नाचता येत नसेल तर शिकू. पण आधी लेव्हल तर लावा!