गाडीची कडा जळते आणि पगार पोराचा कापला जातो

लग्नसराई जवळ आली की पॉलिशसाठी गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. गेल्या हंगामात मीही माझी सहा वर्षांची गडद निळी गाडी एका गॅरेजमध्ये दिली. संध्याकाळी घ्यायला गेलो तेव्हा गाडी आरशासारखी झळकत होती. पण बोनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर जिथे हात घालून आपण ते उचलतो, तिथे बोटभर लांबीची राखाडी रेघ उमटलेली. रंग जाऊन खालचा प्रायमर उघडा पडला होता. मालकाने मशीनवाल्या पोराला हाक मारली, चार लोकांसमोर झापले आणि नुकसान त्याच्या पगारातून कापणार असे जाहीर करून टाकले.

पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मालकाने त्याच्या हाती काय दिले होते? एक मशीन, कंपाउंडचा डबा आणि पाऊण तास. संपूर्ण गाडीवर टेपचा एक तुकडाही लावलेला नव्हता. माझे मत मी तिथेच सांगितले आणि इथेही सांगतो. हे नुकसान त्या पोराचे नाही, मालकाचे आहे.

मी कापडाचा माणूस, गॅरेजचा नाही. पण आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल डेंटिंग-पेंटिंगवर पेटते, म्हणून दोन जुन्या पेंटर उस्तादांकडे बसून हा विषय समजून घेतला. ऐकता ऐकता लक्षात आले की ही गोष्ट आपल्या धंद्यात रोज दिसते. सदरा फाटतो तो कॉलरच्या घडीवर. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली तर घडीवरच विरते. टेरिकॉटच्या पँटवर गरम इस्त्री थेट दाबली की शिवणीवर चकाकी येते, कारण शिवण उंच असते आणि इस्त्रीचा सारा भार तिच्यावर पडतो. म्हणून शहाणा शिंपी आधी ओले फडके टाकतो, मग इस्त्री फिरवतो.

गाडीचे तसेच आहे. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. 1 मिलिमीटरचे 1000 भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. पॉलिश ज्यावर चालते तो क्लिअर कोट यातला जेमतेम 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. हा हिशोब सपाट पत्र्याचा झाला. ओला रंग टोकदार कडेवर टिकत नाही, सुकण्याआधी दोन्ही बाजूंना सरकतो आणि कडेवर थर पातळ राहतो. गाडी दुसऱ्यांदा रंगवलेली असेल तर घासकाम करताना पेंटरचा कागदही कडेवरच जास्त चालतो.

आता मशीनचा भार पाहा. 6 इंची पॅड सपाट बोनेटवर टेकला तर सुमारे 175 चौरस सेंटिमीटर जागेवर दाब वाटला जातो. तोच पॅड दरवाजाच्या मधोमध जाणाऱ्या बॉडी लाइनवर आला की सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्टीवर टेकतो, म्हणजे जेमतेम 15 चौरस सेंटिमीटर. हात तेवढाच दाबतो, दाब मात्र दहापट. पॅड मऊ असल्यामुळे हा हिशोब तंतोतंत लागत नाही हे खरे, पण दिशा हीच. रंग सर्वांत पातळ आणि मार सर्वांत जास्त, अशी ती जागा आहे.

यावर उपाय काही विलायती नाही. मशीन लावण्याआधी सगळ्या कडांवर आणि उठावदार लाइनवर पेंटरचा मास्किंग टेप लावायचा. बोनेट, डिकी आणि दरवाजांच्या कडा, फेंडरची कमान, पेट्रोलच्या झाकणाचा काठ, काहीही सोडायचे नाही. पार्सलचा तपकिरी टेप चालत नाही, त्याचा गोंद मागे राहतो. टेप लावून गाडी उन्हात तापत ठेवायची नाही. काढताना ओढून उपटायचा नाही, टेप स्वतःवरच दुमडत हळूहळू सोडवायचा. ताज्या रंगावर किंवा फुगलेल्या जुन्या रंगावर लावायचाच नाही, नाहीतर टेपबरोबर रंगही निघतो. टेपचा आणखी एक फायदा उस्तादांनी सांगितला, तो मला फार आवडला. काम झाल्यावर टेप कुठे घासला गेला ते पाहा, पोराचा हात कुठे घसरतो ते समजते. झापण्यापेक्षा ही शिकवणूक बरी.

मशीनचे काम संपले की टेप काढून ती अर्ध्या इंचाची पट्टी बारीक पॉलिशने हातानेच करायची. खरा वेळ इथे जातो आणि नेमका हाच वेळ मालक देत नाही. शिवाय कडेवरचा प्रत्येक ओरखडा निघालाच पाहिजे हा हट्टही सोडावा. खोल ओरखडा तिथे थोडा राहिला तर गिऱ्हाईक चालवून घेतो, प्रायमर दिसलेला चालवून घेत नाही.

काही जण म्हणतात, टेप लावणे हे शिकाऊ माणसाचे काम, आमचा हात बसलेला आहे. आमच्याकडचा कटर तीस वर्षे कात्री चालवतो, तरी खडूची रेघ मारल्याशिवाय कापडाला हात लावत नाही. त्याने त्याचा हुनर कमी झालेला नाही. आणि टेपशिवाय कडा सांभाळणारा उस्ताद असेलही, पण मशीन त्याच्या हातात कुठे असते? ते शागीर्दाच्या हातात असते.

मशीनबद्दल थोडक्यात. अँगल ग्राइंडरलाच बफ चढवून पॉलिश करण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. छोट्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला 10 हजार फेऱ्यांच्या वर असतो. पॉलिशच्या रोटरी मशीनवर हेच काम हजार-दीड हजारात होते. रोटरीने कडेजवळ काम करताना पॅड कडेवरून बाहेर निघून जाईल अशी दिशा ठेवावी, कडेवर आत चढणारी नको. ड्युअल अॅक्शन मशीन दाब वाढला की फिरणे थांबवते, म्हणून नवीन हाताला तेच द्यावे. मात्र त्यातल्या जबरी फिरणाऱ्या प्रकाराची मशीन थांबत नाहीत. आणि बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो उष्णता पसरवत नाही. त्यावर एका जागी पॅड रेंगाळला की रंग लगेच तापतो.

पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरच्या दिवसांत साध्या रंगावर क्लिअर कोट नसायचा. पॅडवर गाडीचाच रंग यायचा आणि त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. जुन्या उस्तादांची नजर त्यावर तयार झाली. आज क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडवर रंग दिसला तर समजावे की क्लिअर गेला, आता उशीर झाला. सिरॅमिक कोटिंग लावले की थर पुन्हा जाड होतो अशी समजूतही गिऱ्हाइकांत आहे. ते कोटिंग फार तर एक-दोन मायक्रॉनचे, गेलेला क्लिअर त्याने परत येत नाही.

जळलेल्या कडेवर बोटभर रंग मारूनही भागत नाही. जोड दिसतो. नीट करायचे तर पूर्ण बोनेट रंगवावे लागते आणि मेटॅलिक रंग असेल तर छटा जुळवण्यासाठी शेजारचे फेंडरही. हा खर्च एकीकडे आणि टेपचा एक रोल दुसरीकडे ठेवून पाहावा.

आता मूळ मुद्दा दराचा. शेजारच्या गॅरेजने शंभर रुपये कमी केले की हा दोनशे कमी करतो आणि ते पैसे वेळेतून काढतो. पाऊण तासात अख्खी गाडी करायची म्हटल्यावर टेप कोण लावणार? माझे म्हणणे असे की पोराला टेप, योग्य मशीन आणि पुरेसा वेळ दिला असेल आणि तरीही त्याने बेफिकिरी केली, तरच त्याला जाब विचारावा. तोपर्यंत पगाराला हात लावू नये. गिऱ्हाईकही याला जबाबदार आहे. मी स्वतः त्या गॅरेजमध्ये गेलो तो दर कमी होता म्हणूनच.

गॅरेजवाल्यांनी थर मोजणारे गेज जरूर घ्यावे. त्यावर एकूण थर दिसतो, निव्वळ क्लिअर नाही, आणि साधे गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी आकडा 200 च्या बराच वर गेला तर पत्रा पुन्हा रंगवलेला आहे आणि 80 च्या आसपास आला तर हात आवरायचा, एवढे तरी समजते. हे आकडे गिऱ्हाइकासमोर काढून जॉब कार्डावर लिहावेत. त्याच कार्डावर मालकाने एक ओळ छापून घ्यावी आणि काम सुरू होण्याआधी खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी: "कडा आणि बॉडी लाइन टेप लावून हाताने केल्या जातील, तेथील खोल ओरखडे काढले जाणार नाहीत, आणि या कामाला अर्धा दिवस लागेल."