पडदा काळा, पण यंत्र जागे

नेरुळकडून आलेली लोकल जुईनगर सोडते तेव्हा पुढे दोन वाटा असतात. एक सानपाडा-वाशीमार्गे मुंबईला जाते, दुसरी तुर्भ्यावरून ठाण्याला. त्यामुळे इथल्या फलाटावरचा इंडिकेटर शोभेचा नाही. तो काळा पडला, तर वाशीला निघालेला माणूस तुर्भ्याला उतरतो. ऐकू येणारा निदान घोषणेवर विसंबतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याने कोणाला विचारायचे?

सगळे इंडिकेटर एका जातीचे नसतात. ठिपक्यांच्या दिव्यांनी अक्षरे उमटवणाऱ्या पाट्यांची रचना वेगळी. पण स्थानके, बँका, दवाखान्यांतील टोकन नंबर अशा ठिकाणी टीव्हीसारखे जे पडदे दिसतात, त्यांच्यामागे पुष्कळदा लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड असतो. २०१२ साली विक्रीला आलेल्या रास्पबेरी पायमुळे असे बोर्ड स्वस्त झाले आणि सर्वत्र पोचले. त्यांच्या दुरुस्तीची शिस्त मात्र त्या वेगाने पोचली नाही. पडदा काळा झाला की बंद करून चालू करायचे आणि तरीही जमले नाही तर बोर्ड बदलायचा, एवढीच रीत. यात अनेकदा धडधाकट बोर्ड भंगारात जातो आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

तो दोष बहुधा बोर्ड आणि पडदा यांच्यातल्या संभाषणात असतो. एचडीएमआयच्या तारेत १९ जोडण्या असतात आणि त्या सगळ्या चित्र वाहत नाहीत. एक जोडणी फक्त ‘पलीकडे पडदा आहे’ एवढेच कळवते. ते कळले की बोर्ड दुसऱ्या दोन बारीक जोडण्यांवरून पडद्याकडे त्याची माहिती मागतो. पडदा कोणत्या कंपनीचा, किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती चित्रे दाखवणार, हे सारे सांगणाऱ्या या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा. त्यातला शेवटचा बाइट पडताळणीचा असतो, त्यामुळे मध्ये एखादा बाइट बिघडला तर बोर्डाला ते कळते. मग तो कुठल्यातरी सर्वसाधारण मापाचे चित्र पाठवतो आणि पडद्याला ते चालेलच असे नाही. खाडीकाठच्या दमट हवेत जोडण्यांची टोके गंजतात, तेव्हा नेमके हेच होऊ शकते.

लाइट जाऊन आल्यावरचा प्रकार तर आणखी फसवा. बोर्ड काही सेकंदांत उठतो; टीव्ही आळसावतो किंवा रिमोटची वाट पाहत झोपूनच राहतो. बोर्डाने हाक मारली तेव्हा पलीकडे कोणी नव्हते, म्हणून काही बोर्ड आणि काही जुन्या प्रणाली ‘पडदा नाही’ असे गृहीत धरून कामाला लागतात. नंतर टीव्ही जागा झाला तरी त्याच्या नशिबी ‘नो सिग्नल’.

‘नो सिग्नल’ ही खरे तर चांगली बातमी. पडदा जिवंत आहे, तक्रार करतो आहे. पडदा पूर्ण काळा असेल तर टॉर्च तिरका धरून पाहावा. पुसट चित्र दिसले तर मागचा उजेड गेला आहे, चित्र आहेच. बोर्डावरचा लाल दिवा पाहून वीज ठीक आहे असे मानणे मात्र धोक्याचे. बोर्डाला पाच व्होल्ट हवेत. बारीक, लांब तारेतून ते घसरतात आणि साधारण ४.६ व्होल्टच्या खाली रास्पबेरी पाय कमी दाबाची नोंद करू लागतो. अशी नोंद वाचायला पडदा लागत नाही. बोर्डाच्या सीरियल जोडणीला तीन तारा लावून लॅपटॉपवर कर्नलच्या नोंदी वाचता येतात. पडदा जोडलेला दिसतो की नाही, हेही लिनक्स तिथे स्पष्ट सांगते. पाच मिनिटांच्या या कामाआधी पेचकस हातात घेणे म्हणजे नाडी न पाहता रोग्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्यासारखे आहे.

खरा आक्षेप दुरुस्ती करणाऱ्यांवर नाही, तर अशी यंत्रणा विकत घेणाऱ्यांवर आहे. नियंत्रण कक्षातील संगणकावर ‘चालू’ दिसते, कारण बोर्ड नेटवर्कवर उत्तर देतो. फलाटावरच्या माणसाला काय दिसते, हे त्या ‘चालू’मध्ये कुठेच नसते. सार्वजनिक पडद्याच्या कंत्राटात म्हणून तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात: ईडीआयडीची प्रत बोर्डातच साठवलेली असावी आणि पडदा उत्तर देवो न देवो, ठरलेले चित्र जात राहावे, सीरियल जोडणीपर्यंत पेटी न तोडता हात पोचावा, आणि पडद्याची अवस्था बोर्डाच्या अवस्थेपासून वेगळी नोंदली जावी. यातल्या पहिल्या गोष्टीला नवे सामान लागत नाही, लिनक्समध्ये ती सोय आहेच.

तिला एक काटाही आहे. पुढे कोणी वेगळ्या मापाचा पडदा लावला, तर बोर्ड हट्टाने जुन्याच मापाचे चित्र पाठवत राहील आणि नवा, चांगला पडदा बिघडलेला ठरेल. म्हणून कोणते माप पक्के केले आहे, ते कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे, तारखेसकट.