नेपाळचं पाणी, भारताची तार, बांगलादेशचा दिवा: ४० मेगावॅटचा करार आपल्या कामाचा का?

शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावी सौर पॅनेल बसत आहेत. दिवसाचं भागेल. पण सूर्य मावळल्यावर, घराघरात दिवे-टीव्ही सुरू झाल्यावर वीज आणायची कुठून? आज संध्याकाळचा बराच भार कोळसा आणि कोयनेसारखी धरणं उचलतात. पुढचं एक उत्तर शेजाऱ्यांच्या नद्यांमध्ये आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेशच्या सरकारी वीज कंपन्यांनी करार केला. दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर नेपाळ बांगलादेशला ४० मेगावॅट जलविद्युत विकणार. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, म्हणजे साडेपाच रुपयांच्या आसपास.

वीज जाते कशी?

नेपाळ आणि बांगलादेशची हद्द एकमेकांना लागत नाही, मध्ये आपली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आहे. म्हणून वीज नेपाळच्या ढल्केबरहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येते आणि आपल्या ग्रीडमध्ये मिसळते. तिकडे पश्चिम बंगालच्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाराला ठरलेली वीज सोडली जाते. कॅनॉलसारखंच समजा: एकाने वर पाणी सोडायचं, दुसऱ्याने खाली तेवढं उचलायचं. कॅनॉल मात्र आपला.

विशेष म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात शेख हसीना यांचं सरकार कोसळलं, दिल्ली-ढाका संबंध ताणले गेले. तरी दोन महिन्यांत सह्या झाल्या.

अडचणी कुठे आहेत?

पहिली अडचण निसर्गाची. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, मोठे साठे कमी. पावसाळ्यात वीज उरते, हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच देश आपल्याकडून वीज घेतो. पण इथेच सौदा जुळतो: हिवाळ्यात दुपारी आपली सौर वीज तिकडे, पावसाळ्यात त्यांची जलविद्युत इकडे.

दुसरी अडचण राजकारणाची. जानेवारी २०२४ च्या करारानुसार भारत १० वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घेणार आहे. मात्र चीनचा पैसा किंवा ठेकेदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. नेपाळला हे खुपतं. तार आपल्या हातात आहे म्हणून अटीही आपल्याच, असं शेजाऱ्यांना वाटत राहिलं, तर हा व्यवहार वाढणार नाही.

आपल्याला काय?

उद्या वीजबिल कमी होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. देशाच्या मागणीपुढे ४० मेगावॅट म्हणजे चिमूटभर. पण सुरुवात अशीच होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी एक झालं. तेव्हा राज्यं जोडली, आता देश जोडायचे आहेत. पॅनेल कितीही लावा, संध्याकाळी उपयोग तारेचाच. आणि तारेपेक्षा अवघड आहे तो शेजाऱ्यांमधला भरवसा.